तू वाद घातला नाहीस

“पाटी खाली घ्या हो जरा! बॉल दिसत नाहीये.”

माझ्या पुढच्या बाकावरचा तो उंच, किडकिडीत माणूस वळला. हातात पुठ्ठ्याची पाटी, त्यावर लाल अक्षरांत — ‘सगळ्यांना विका!’ आणि चेहऱ्यावर... चक्क हसू. आपला बेसबॉल संघ सात धावांनी मागे असताना ओमाहात कुणी असं हसत नाही.

“दिसत नाही तेच बरं,” तो म्हणाला. “ज्यांना दिसतंय त्यांना रडू येतंय.”

“मग घरी जा ना. आणि सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?”

“सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. सुरुवात लिंडग्रेनपासून.”

मी हातातला रन्झा, कोबी आणि खिमा भरलेला तो गरम पाव, पुन्हा कागदात गुंडाळला. भांडताना तोंडात घास नको.

एमेट लिंडग्रेन म्हणजे आमचा पिचर. अकरा वर्षं तो ओमाहा ड्रोव्हर्स या आमच्या संघासाठी चेंडू फेकत होता. आमचं शहर लहान, मालकाचा हात आखडता. नाव झालं की आमची पोरं मोठ्या शहरांचे संघ उचलून न्यायचे. एमेट तेवढा राहिला होता. एकतीस जुलैपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करता येते, आणि त्या जुलैत आम्ही अगदी तळाला होतो. न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत शहरात एकच वाद चालला होता — एमेटला विकायचं की ठेवायचं?

“त्याला विकून मिळणार काय?” मी म्हणाले. “एकोणीस वर्षांची तीन पोरं, ज्यांना अजून मिसरूड फुटायचंय?”

“चार वर्षांनी फुटेल. तेव्हा जिंकू आपण.”

“चार वर्षांपूर्वीही हेच म्हणत होते!”

“तेव्हा चुकीची पोरं घेतली होती.”

“आणि आता बरोबर घेतील, हे तुमच्या कानात येऊन सांगितलं वाटतं कुणी?”

माझ्या शेजारी मिसेस पावलिक बसायच्या. सत्तरीच्या, प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीने वहीत करणाऱ्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अगं, त्याला इकडे वर येऊन बस म्हण. असं ओरडून भांडलात तर माझे कान जातील.”

तो खरंच वर आला. रुबेन झामारिपा. गावातल्या खेळांच्या रेडिओ केंद्रावर ऐकणाऱ्यांचे फोन घ्यायचं काम करायचा.

“तुमच्यासारखी वीस भांडखोर माणसं रोज ऐकतो मी,” तो म्हणाला. “पण ती फोनवर असतात. बंद करता येतात.”

“मलाही बंद करून बघा.”

“नको,” तो म्हणाला. “ऐकू दे अजून थोडं...”

नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत आमच्यातलं ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं, कळलंही नाही. मॅच आम्ही हरलो. मी मात्र गाणं गुणगुणत घरी गेले.

मग तो प्रत्येक मॅचला येऊ लागला. पाटी नसायची, पण मत तेच. आम्ही कागदी रुमालांवर सौदे मांडायचो — हा दे, तो घे. मी मांडलेल्या प्रत्येक सौद्यात एमेट ओमाहातच राहायचा आणि रुबेन कपाळावर हात मारायचा.

“लिडिया, तू मालक झालीस ना, तर हा संघ म्हातारपणी काठ्या टेकत खेळेल.”

“आणि तू झालास तर पाळणाघर उघडावं लागेल.”

एकदा मी बोलायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, “थांब, उत्तर तयार आहे माझं.”

“मी अजून बोललेच नाहीये!”

“टोपी मागे सारलीस. भांडायच्या आधी तू टोपी मागे सारतेस. आणि हरायला लागलीस की बर्फ चावतेस.”

माझ्या दातांत बर्फ होता. मी तो हळूच गिळला... आणि मला इतकं गरम झालं, की ते उन्हाने नव्हतं एवढं नक्की. सव्वीस वर्षांत माझ्याकडे इतकं बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं.

मी कामाला होते दक्षिण ओमाहात, इन्ग्रिडच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, फायली लावायच्या. जुलैच्या शेवटच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, इन्ग्रिडने पडदे ओढले आणि मागचं दार उघडलं. आत आला तो एमेट लिंडग्रेन.

फाईलवर नाव दुसरंच लिहायचं ठरलं होतं. त्याने डाव्या हाताने सही केली. पाण्याचा ग्लास दिला, तोही डाव्या हाताने घेतला. तासाभराने बाहेर आला तेव्हा चेहरा घामाने डबडबलेला होता. माझ्या टेबलावरचं ड्रोव्हर्सचं कॅलेंडर पाहून तो जरासा हसला.

“मला घेतायत,” तो हळूच म्हणाला. “किनाऱ्यावरचा एक मोठा संघ. जिंकणारा. शुक्रवारपर्यंत होईल. अकरा वर्षांत विजेतेपदाच्या मॅचेससाठी माझा ऑक्टोबर कधी मैदानावर गेला नाही बघ. लेक नऊ वर्षांची झाली, तिने मला जिंकून नाचताना पाहिलेलंच नाही. हा कोपर दोन महिने टिकला की झालं.”

तो गेल्यावर इन्ग्रिड एवढंच म्हणाली, “इथलं इथेच, लिडिया.”

“इथलं इथेच,” मी म्हणाले.

आणि मी शब्द पाळला. आजही छातीवर हात ठेवून सांगते — पाळला.

मंगळवारी दुपारची मॅच होती. आभाळ भरून आलेलं, हवा चिकट. रुबेन नेहमीसारखा पाय पसरून बसला आणि सुरू झाला, “तीन दिवस उरले. आता तरी कबूल कर बाई, लिंडग्रेनला विकायलाच हवं.”

मी मैदानाकडे बघत राहिले. “असेल,” म्हणाले. “बरोबर असशील तू.”

मिसेस पावलिकची पेन्सिल थांबली.

 रुबेन माझ्याकडे बघत होता. खूप वेळ, अगदी शांतपणे... मला वाटलं, ती प्रेमाची नजर आहे. मी लाजले. अशी वेडी!

मॅच सुटली आणि भुरभुर सुरू झाली. पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी त्याने माझी टोपी सरळ केली, गालावरचा थेंब अंगठ्याने पुसला आणि मला जवळ घेतलं. त्याच्या ओठांना खारट शेंगदाण्यांची चव होती. सोमवारपासून मनावर बसलेला दगड त्या क्षणी नाहीसा झाला. मी घरी पोचले तरी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात कॉफी करत होते. रेडिओ सुरू होता. आणि रुबेनचा आवाज आला. फोन घेणारा रुबेन पहिल्यांदाच माईकवर बोलत होता.

“...आमच्या खात्रीच्या माहितीनुसार, एमेट लिंडग्रेन आपल्या कोपराची दुखापत संघापासून लपवतोय आणि बाहेर खासगीत उपचार घेतोय...”

कॉफी भांड्याबाहेर वाहत होती. इन्ग्रिड दारात उभी होती.

“तू?”

“नाही! मी एक शब्दही —”

“मग कुणी?”

 आणि मला एकदम उत्तर मिळालं. मंगळवार. समोर उतू जाणारी कॉफी मी नुसती बघत राहिले, गॅस बंद करायचंही सुचलं नाही.

त्याच दिवशी त्या मोठ्या संघाने कोपराचा स्कॅन मागितला. स्कॅनमध्ये जे होतं ते दिसलं. सौदा मोडला. आठवड्याभरात एमेटचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, हा हात आता लेकीला उचलून घेईल, पण चेंडू फेकणार नाही.

इन्ग्रिडने मला काढलं तेव्हा तीच रडत होती. “तू सांगितलं नाहीस, माझा विश्वास आहे. पण पेशंटना मी काय सांगू?”

मी खण रिकामा करत होते तेव्हा एमेट आला. हात झोळीत. दाराशीच उभा राहिला.

“इन्ग्रिड म्हणाली तू बोलली नाहीस,” तो म्हणाला. “घरून निघताना ठरवलं होतं, तुला सांगायचं की तुझी काही चूक नाही.” त्याने झोळीचा पट्टा सरळ केला. “पण नाही जमत मला. माफ कर.”

असं म्हणून तो निघून गेला. वर माफीही त्यानेच मागितली.

रुबेनचे फोन मी घेतले नाहीत. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तो घरी आला. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. मी जाळीचं दार उघडलं नाही.

“शिकागोच्या केंद्राने बोलावलंय,” तो म्हणाला. “स्वतःचा कार्यक्रम देतायत. लिडिया... तूही चल.”

“कधी कळलं तुला?”

त्याने मान खाली घातली. “मंगळवारी. तू वाद घातला नाहीस. महिनाभर जी बाई लिंडग्रेनसाठी माझा जीव खात होती, ती म्हणाली, बरोबर असशील तू. आणि तू काम करतेस ते कुठे, हे मला माहीत होतं. मग इकडेतिकडे दोन फोन केले. तुझं नाव कुठेही येऊ दिलं नाही.”

“केवढे उपकार!”

“खोटं नव्हतं ते! आणि दुखरा हात लपवून दुसऱ्या संघाच्या गळ्यात पडणं, ही फसवणूक नाही का?”

“असेलही. त्यावर भांडलो असतो आपण. दिवसभर भांडलो असतो! पण तू मला विचारलंस का?”

त्याने शर्टाची बाही खाली ओढली.

“पार्किंगमध्ये मला जवळ घेतलंस...” मी दाराची कडी घट्ट धरली. “तेव्हा कळलेलं होतं तुला?”

“हो. पण ते वेगळं होतं. ते खरं होतं, लिडिया, आईशप्पथ.”

“माझ्या डोक्यात ते आता एकच झालंय. वेगळं करता येत नाही.”

त्याने जाळीवर तळवा टेकला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. अजूनही आहे.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले. “त्या दिवशी हजारो माणसं होती तिथे. मी गप्प बसले, हे कळलं फक्त तुला. प्रेम नसतं तर तुलाही कळलं नसतं, रुबेन. एमेट आज कुठेतरी खेळत असता.”

तो काही बोलायला गेला. मी आतलं लाकडी दार लावून घेतलं.

खिडकीतून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. तो बराच वेळ गाडीत नुसता बसून होता. मग निघाला. कोपऱ्यावर वळताना त्याने नेमाने वळणाचा दिवा लावला. मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं, भर दुपारी सगळा रस्ता मोकळा. असा आहे तो. बारीकसारीक काही चुकवत नाही.

मला त्याचं तेही आवडलं. आणि त्या साऱ्या उन्हाळ्यात मला सर्वांत जास्त राग आला तो त्याच क्षणी, माझाच.