पोपटीच्या बॉनेटमधला आरसा

"मी उतरणार नाही म्हणजे नाही!" टाचणीने पोपटीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"ऊठ बघू! गिऱ्हाईक येईल एवढ्यात," काका म्हणाले. "आज गाडी सुरू झाली नाही, तर दलाल ती भंगारात नेणार आहेत. ठरलंय तसं."

"कोणी ठरवलं? मला नाही विचारलं!"

"तुला विचारायला तू कोण लागून गेलीस?"

टाचणी जागची हलली नाही. अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून घरात तिला टाचणी म्हणत. धाकट्या भावाचा आवाज चार घरं ऐकू जाई, म्हणून तो भोंगा. दोघं दर सुट्टीत आत्याच्या गॅरेजवर मुक्काम ठोकत. ही जुनाट पिकअप तिघांनी मिळूनच पुन्हा उभी केली होती. पोपटी रंग त्यांचा, मागच्या हौद्याच्या फळ्या त्यांनीच घासलेल्या. आत्या एकटीने काम करणारी. म्हणून तिने बॉनेट उलटं, काचेकडून उचलून पुढे कलणारं करून घेतलं आणि त्याला आतून एक आरसा लावला. सीटवर बसून ॲक्सिलरेटर दाबतानाही समोरच्या काचेतून अख्खं इंजिन त्या आरशात दिसे.

पोपटी विकून द्यायला काकांनी आणलेल्या दलालांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला आणि ते पोट धरून हसले. "आरसा? इंजिनाला भांग पाडायचाय की काय?"

गॅरेजात नव्या कामाला जागा हवी, म्हणून पोपटी विकायची होती. आत्याची अट एकच, जो चालवेल त्यालाच ती द्यायची. पण रोज सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होणारी पोपटी गिऱ्हाईक आलं की ढिम्म! गिऱ्हाइकं आल्या पावली परत जात. मग दलाल बॉनेटमध्ये डोकं घालून जरा खुडबुड करत आणि "जुना माल, काय करणार!" म्हणून सुस्कारा सोडत. दुसऱ्या दिवशी पोपटी पुन्हा ठणठणीत!

आत्याने सगळं इंजिन तपासलं, काही सापडेना. काल जेवताना ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "माझेच हात चुकले असतील. जाऊ दे भंगारात."

आत्याचे हात आणि चुकणार? टाचणीने ताट बाजूला सारलं. तिला भयंकर राग आला होता, फक्त कोणावर ते कळत नव्हतं. आज सकाळी भोंग्याने ते सांगून टाकलं. "ताई, दलालकाकांनी बॉनेट उघडलं की मगच पोपटी आजारी पडते गं!"

"भोंग्या! तुझ्या डोक्यात चक्क मेंदू आहे!" टाचणी ओरडली होती.

आणि म्हणूनच ती आता सीटला चिकटून बसली होती.

रोपवाटिकेच्या मालकीणबाई आल्या. दलाल लगेच पुढे झाले. "या, या! आधी मागचा हौदा बघून घ्या. काका, आत्याबाई, तुम्हीही दाखवा ना त्यांना. तोवर मी इंजिनाला जरा हवा देतो." मग त्यांची नजर टाचणीवर गेली. "ही पोरगी?"

"बसू दे. हट्टी आहे," काका वैतागून म्हणाले.

सीटवर बसलेल्या पोरीला इंजिनातलं काय दिसणार? आरसा तर त्यांच्या लेखी नुसती थट्टाच होती. दलालांनी बॉनेट खुशाल उघडलं.

टाचणी सीटवर पुढे सरकली. आरशात दलालांची बोटं झपाझप चालली होती. इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या खिट्ट्या निघाल्या, झाकण उचललं, आतला अंगठ्याएवढा रोटर बाहेर आला. तो नसेल तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर गाडी नाही! झाकण पुन्हा जागेवर बसलं. रोटर मात्र सरळ कोटाच्या छातीवरच्या खिशात गेला. गिऱ्हाईक गेल्यावरच्या खुडबुडीत तोच परत जागेवर बसत असणार!

पोंऽऽऽ! टाचणीने हॉर्न दाबला तो सोडेचना.

"आत्या! तुझे हात चुकले नाहीत! रोटर ह्यांच्या खिशात आहे!"

"काहीतरीच!" दलाल लालबुंद झाले. "मोठ्या माणसावर आळ घेतेस?"

"टाचणी! आधी माफी माग!" काका गरजले.

"नाही मागणार! आधी झाकण उघडून बघा!"

आत्याने झाकण काढलं. आत रिकामं! "सकाळी मी स्वतः बसवला होता," ती हळूच म्हणाली.

"पडला असेल कुठेतरी..." दलाल फाटकाकडे सरकले. पण तिथे भोंगा उभा! "खिसाऽऽ! खिसा दाखवाऽऽ!" शेजारचा न्हावी कात्री हातात घेऊनच धावत आला, आणि त्याच्यामागोमाग अर्धा फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईक.

आत्याने हात पुढे केला. "द्या."

दलालांनी मान खाली घालून रोटर काढून दिला. "एका हौशी माणसाला अश्शीच गाडी हवी होती," ते पुटपुटले. "मला भंगाराच्या भावात मिळाली असती, तर त्याला चौपट भावाने..."

"आणि मी ह्यांना रोज चहा पाजत होतो!" काकांनी कपाळावर हात मारला.

न्हाव्याच्या कात्रीकडे बघत दलालांनी काढता पाय घेतला. आत्याने रोटर बसवला, टाचणीने किल्ली फिरवली. पोपटी पहिल्या झटक्यात गुरगुरली!

"मला हीच हवी," मालकीणबाई म्हणाल्या. "रोपं घेऊन रोज फिरवीन. पण तो आरसा काढायचा नाही हं!"

"शाबास गं माझी टाचणी!" आत्या म्हणाली. "भोंग्या, तूसुद्धा!"

काका खिडकीशी आले. "चुकलं माझं. आता तुलाच विचारतो. द्यायची का पोपटी?"

टाचणीने समोर पाहिलं. आरशात आत्या इंजिनावर वाकली होती. तेलकट हात फडक्याला पुसत होती आणि हसत होती. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती.

टाचणीने बाहीला नाक पुसलं.

"द्या," ती म्हणाली. "पण त्यांच्या रोपवाटिकेचं दार येईपर्यंत मी उतरणार नाही म्हणजे नाही!"