अभ्यासिकेतलं घड्याळ

अजहर मला पहिल्यांदा दिसला तो शिडीवर. पलूसच्या अभ्यासिकेतलं बंद पडलेलं घड्याळ उतरवत होता, आणि खाली मी पुटपुटत इंग्रजी उताऱ्याशी झटापट करत होते – नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी, दुसऱ्यांदा. अब्बांनी बजावलं होतं, “सुमैरा, यंदा न्हाई जमलं तर बास.”

“प्रत्येक ओळ मराठीत करून वाचता व्हय?” वरून आवाज आला. “मग वेळ कसा पुरायचा?”

“तुमी घड्याळ बघा तुमचं!”

“तेच तर बघतोय...”

त्याच्या इंग्रजीची बोंबच होती. पण घड्याळजीचा पोरगा तो, वेळ मोजायला पक्का. भिंतीवरच्या घड्याळाचा कुठलासा भाग मिळत नव्हता म्हणे, आणि मोबाइल दाराशीच जमा करावे लागत. मग रोज दुपारी तोच मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्यासमोर बसायला लागला. परीक्षेत एका उताऱ्याला मिळतात तेवढीच, आठ मिनिटं. “झाली आठ!” तो म्हणायचा, आणि माझा शेवटचा प्रश्न नेमका तेव्हाच सुटलेला असायचा. मी मान खाली घालून हसायचे. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नाही.

परीक्षेला चार दिवस उरले. त्या दुपारी तो आलाच नाही, म्हणून मीच त्याच्या दुकानात गेले... आणि थबकले. अभ्यासिकेचं घड्याळ तिथल्या भिंतीवर मजेत टिकटिकत होतं!

“हे कवा दुरुस्त झालं?”

“दुसऱ्याच दिवशी...” तो डोकं खाजवू लागला. “आठ मिनिटांत न्हाई जमलं की तू रडकुंडीला यायचीस. मला बघवंना. म्हणून अकरा झाली की आठ म्हणायचो. हे तिथं लावलं असतं तर तुला कळलं असतं.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तीन महिने खोटे?

“माझं वर्ष घालवलंस तू!” मी भरल्या डोळ्यांनी वळले.

“अगं, थांब तरी!”

त्यानं वही पुढे केली. रोजची तारीख आणि पुढे खरा वेळ. अकरा मिनिटं. साडेदहा. दहा... नऊ... मला कळू न देता तो थोडा थोडा वेळ काढून घेत आला होता. शेवटची नोंद कालची – साडेसात. खाली दोन ठळक रेघा.

“उतारा वाचलास,” तो हळूच म्हणाला. “आता सांग – लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय?”

“पर्याय दे.”

“एकच हाय गं...”

असले प्रश्न माझे नेहमी चुकायचे. हा नाही चुकला.

“मला बी तू लय आवडतोस,” मी डोळे पुसत म्हणाले. “आता ते घड्याळ जागेवर लाव. आणि उद्या सात मिनिटं मोज – खरी!”