लाख्लनचा एक खिळा

"अहो बाई, डोकं घरी ठेवून आलात का?"

इशबेलच्या पायाशी छपराची दगडी पाटी पडून तिचे चार तुकडे झाले. तिने दचकून वर पाहिलं. चर्चच्या परांचीवर लाल केसांचा एक तरुण, कमरेला हातोडी खोचून, तिच्याकडे बघत होता.

"डोकं जागेवर आहे. तुमचे हात कुठे आहेत?"

तो हसला... आणि तिथेच इशबेलचं फसलं.

स्ट्रुअन त्याचं नाव, ओबन गावचा. बापजाद्यांपासून छपरं घालणारा, इथल्या फुटक्या पाट्या बदलायला आलेला. इशबेल आली होती लाख्लन मॅकफेलसाठी. लाख्लन म्हणजे तिच्या आजीचा आजोबा. सव्वाशे वर्षांपूर्वी हेच छप्पर त्यानं घातलेलं. शनिवारी आजीला नव्वद वर्षं पुरी होणार, आणि साऱ्या गोतावळ्यासमोर इशबेलनं लाख्लनची हकिकत वाचायची, असा आजीचा हुकूम. "आमच्या माणसानं घातलेलं छप्पर गळत नाही," हे आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. ऐकणाऱ्याला सवड आहे का, हे विचारायची तिची रीत नव्हती.

सोमवार, मंगळवार, बुधवार. भुरभुर पावसात दोघं भिंतीच्या आडोशाला एकाच थर्मासचा चहा पीत बसायची.

"हात बघ म्हाताऱ्याचा," स्ट्रुअन छपराकडे बघून म्हणायचा. "खाली मोठ्या पाट्या, वर जाता जाता लहान. एकही रांग वाकडी नाही."

"नजर छपरावर ठेव की मग."

"ठेवली होती. सोमवारी एक पाटी गेली हातातून."

गुरुवारी मात्र इशबेलनं चर्चचे जुने कागद उघडले. त्यांत, छप्पर झालं तेव्हा ते तपासायला लंडनहून आलेल्या तपासनिसाचं पत्र सापडलं : प्रत्येक पाटीला एकच खिळा, मॅकफेलनं चर्चला फसवलं. त्यानंतर लाख्लनला गावात काम मिळालं नव्हतं. आजी तर सांगायची, तो आपल्या मर्जीनं गाव सोडून गेला!

रात्रभर डोळा लागला नाही. पत्र वाचलं तर आजी कोसळेल, लपवलं तर खोटेपणा. आणि स्ट्रुअन? ज्या हाताचं तो रोज कौतुक करतो, तो हात चोराचा निघाला तर... तो चोराच्या खापरपणतीकडे तसाच बघेल?

शुक्रवारी तिनं पत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. हसला नाही. चहाचा कप खाली ठेवला.

"वर ये."

"मला उंचीची भीती वाटते."

"मला तुझ्या गप्प बसण्याची वाटते. चल."

शिडीला घट्ट धरून ती एकेक पायरी चढली. वर त्यानं तिचं बोट एका जुन्या पाटीवर ठेवलं.

"ढकल. हळूच."

पाटी घड्याळाच्या काट्यासारखी बाजूला फिरली. खाली दुसरी पाटी, कोरडी ठणठणीत. बोट काढलं तशी वरची आपल्या जागी परत आली.

"दोन खिळे असते तर खालची एक फुटकी बदलायला वरच्या दहा उपटाव्या लागल्या असत्या," स्ट्रुअन म्हणाला. "आमच्याकडे असंच घालतात. लंडनवाल्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं विचारलं नाही."

"आणि वारा?"

"दर तिसऱ्या रांगेला जास्तीचे खिळे आहेत. वारा काय सव्वाशे वर्षं झोपला होता?"

इशबेलला रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही.

"आज परांची उतरणार ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग उद्या तू..."

"उद्या मी कुणी बोलावलं तर कुठेही."

"आजीला हे मला एकटीला नाही सांगता येणार... पाट्यांचं."

"फक्त पाट्यांचं?"

तिला अजूनही हो म्हणता आलं असतं. तिनं त्याची बाही घट्ट धरली. "नाही. फक्त पाट्यांचं नाही."

"बरं झालं. चार दिवस मी हेच कसं विचारू म्हणून घाबरत होतो."

शनिवारी तिनं सगळं वाचलं, पत्रासकट. आजी डोळे मिटून ऐकत होती. वाचून झालं, तशी आजीनं डोळे उघडले आणि इशबेलला सोडून थेट स्ट्रुअनवर रोखले.

"लाख्लनचं काम टिकलं, ते बघितलंस. तू किती टिकणार?"

"सव्वाशे वर्षांनी या आजी, ढकलून बघा."

आजीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"इशबेल, त्याला केक दे," ती म्हणाली. "कोपऱ्याचा नको. मधला."