टिटवीची चार अंडी आणि बिनझूमची लेन्स

"याचा झूम कुठंय?" भूषणनं लेन्स उलटी केली, सुलटी केली आणि शेवटी कानाजवळ नेऊन हलवूनही बघितली.

"अरे, नारळ आहे का तो! दे इकडे!" ऋतिकानं झडप घालून लेन्स हिसकावली. "याला प्राइम लेन्स म्हणतात. हिला झूम नसतो."

"नसतो?" भूषणचा चेहरा पडला. "मग लांबचा पक्षी जवळ कसा आणायचा?"

"पक्षी आणायचा नाही, आपण जायचं. काका म्हणाले, पायांनी झूम करायचा."

"हात्तिच्या! म्हणजे महाग लेन्स घ्यायची आणि वर चालायचं पण आपणच!"

ऋतिकाला राग आला, पण खरं सांगायचं तर आदल्या दिवशी तिलाही असंच वाटलं होतं. तिच्या जितेंद्रकाकांचा धुळ्याला फोटो स्टुडिओ. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, ती आणि धाकटी बहीण मेघा आजोळी निघाल्या तेव्हा काकांनी आपला जुना कॅमेरा आणि ही कोरी करकरीत लेन्स तिच्या हातात ठेवली होती. "कॅमेरा परत आणायचा," काकांनी बजावलं, "पण लेन्स मिळवायची असेल तर एक फोटो असा काढ, की बघणारा गप्प झाला पाहिजे."

आणि पहिला बघणारा कोण, तर हेमराजमामाचा मुलगा भूषण! झोपेतसुद्धा बडबडणारा प्राणी!

मुक्ताईनगरपासून पंधरा मिनिटांवरच्या त्या गावात सकाळी सहालाच ऊन चटचटायला लागतं. तिघं केळीच्या बागेच्या कडेनं नाल्याकडे निघाली. खंड्या दिसला. ऋतिका पावलापावलानं पुढं सरकली आणि भूषण शिंकला. खंड्या भुर्र! सूर्यपक्षी दिसला, पण फोटोत आलं फक्त जास्वंदीचं पान. पान इतकं स्वच्छ आलं होतं की त्याच्यावरच्या मुंगीचे पायसुद्धा मोजता आले असते. मागं पक्षी कुठंतरी जांभळ्या डागासारखा.

"छान आहे हो मुंगी," भूषण म्हणाला.

रस्त्याच्या कामासाठी कंत्राटदारानं नथ्थूनानांच्या झोपडीसमोर खडीचा मोठा ढीग ओतला होता. तिथं पोचतात न पोचतात तोच वरून आवाज आला. "टिटिव-टिव! टिटिव-टिव!" दोन टिटव्या भूषणच्या डोक्यावर अशा काही झेपावल्या, की त्याची टोपी उडाली आणि पाठोपाठ तोही उडाला! थेट नानांच्या अंगणात, एका ओल्या पाटीवर.

"अरे अरे अरे! मगनभाऊची पाटी शे ती!" नथ्थूनाना बाहेर धावले. नाना मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळं त्यांच्या बोलण्यातली अहिराणी काही गेली नव्हती. पाटीवर नानांनी रंगवलेली 'मगन कृषी केंद्र' अशी ताजी अक्षरं होती आणि त्यातलं 'केंद्र' आता भूषणच्या पाठीवर उमटलं होतं. नाना पोट धरधरून हसले. मग त्यांनी तिघांच्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घातले. त्यांच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं बघून मेघा कळवळली.

"ट्रॉलीच्या फाळक्यात सापडनं, बेटा. आते दुखत नही," नाना म्हणाले.

पुढं बांधाजवळ सुपडूआबा उभे होते. कपाळावर हात आडवा धरलेला, चेहरा आंब्याच्या रसानं भरलेली वाटी दिसावी तसा खुललेला.

"थांबा! तिथंच थांबा पोरांनो! दहा पावलांच्या आत यायचं नाही!" आबांनी हात उंचावला. "टिटवीची अंडी आहेत बांधावर. माणसाची सावली पडू द्यायची नाही, अशी रीत आहे आपल्याकडं."

रीत भूषणला पाठ होती. टिटवी जमिनीवरच अंडी घालते. खोलगट जागी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर भरपूर. जितकी अंडी तितके महिने पाऊस; चार असली की तो लवकर सुरू होणार. दर आखाजीला सुपडूआबा पारावर उभे राहून टिटवीचं भाकीत सांगत आणि गाव त्यावर पेरणीचा बेत ठरवी. पण गेल्या वर्षी आबांचं भाकीत साफ फसलं होतं. लोकांनी त्यांच्या शब्दावर कोरड्या मातीत धूळपेरणी केली, पाऊस आला नाही, बियाणं मातीत गेलं आणि दुबार पेरणी करावी लागली. मगनभाऊ तर आबांना चारचौघांत 'हवामान खातं' म्हणायला लागला. तेव्हापासून आबांनी पारावर बसणंच सोडलं होतं. यंदा महिनाभर गुडघे दाबत दाबत ते रानोमाळ घरटं शोधत फिरले होते.

"चार आहेत ना रे? नीट सांगा, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू."

"चार, आबा!" मेघा म्हणाली.

"आणि बांधाच्या अगदी माथ्यावर! लवकर येणार पाऊस, आणि भरपूर!" आबा म्हणाले. "उद्या सांगतो पारावर. आणि यंदा चुकलो ना, तर पुन्हा त्या पाराची पायरी चढणार नाही."

आबा काठी टेकत घराकडे गेले. ऋतिकानं कॅमेरा डोळ्याला लावला. दहा पावलांवरून अंडी मुगाच्या दाण्याएवढी दिसत होती.

"लाव झूम!" भूषण कुजबुजला.

"गप रे!" ऋतिकानं ओठ चावला. रीत मोडायची तिला भीती वाटत होती, पण फोटोचा मोह त्याहून मोठा होता. ती रांगत पुढं गेली. एक पाऊल, दोन, पाच... आता टिटवी डोक्यात चोच मारणार म्हणून तिनं मान खांद्यांत घातली.

काहीच झालं नाही. खटक! तिनं फोटो काढला.

"ताई," मागून मेघा म्हणाली, "यांची आई ओरडत का नाही?"

ऋतिकानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. तपकिरी अंडं, काळे ठिपके, सगळं कसं लख्ख! आणि ठिपक्यांच्या मधोमध, रंगात चिकटलेला ब्रशचा एक केस.

"अंड्याला केस?" भूषण ओरडला आणि सरळ जाऊन त्यानं अंडं उचललं. "अगं, हा तर गोटा आहे! नाल्यातला गोटा रंगवलाय!"

तिघं बांधावरच बसली. उद्या आबा दगडांवर भाकीत सांगणार! लोक पुन्हा कोरड्या मातीत कपाशी टाकणार! आणि पुन्हा सगळा दोष आबांच्या माथी!

"मगनभाऊ!" भूषणनं मांडीवर थाप मारली. "दुसरं कोण? लोक लवकर पेरतील तर याचं बियाणं लवकर खपेल. आणि बघ, रंग पण तोच! त्याच्या पाटीचा! माझ्या पाठीवर बघ!"

रंग खरंच तोच होता. पण ऋतिकाला पुरावा हवा होता. तिनं एक गोटा खिशात टाकला आणि युक्ती सांगितली. भूषणनं आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली.

दुपारी बारा वाजता भूषण पारासमोरून ओरडत गेला, "बांधावर तीनच अंडी राहिली होऽ! मुंगसानं एक नेलं!" पारावर मगनभाऊ होता, नथ्थूनाना होते, आणखी चारपाच जण होते. गुन्हेगाराच्या कानावर बातमी गेली, की तो चौथं अंडं ठेवायला येणार, हे ठरलेलं!

तोवर ऋतिकानं कॅमेरा केळीच्या वाळक्या पानांत दडवून बांधाशी, अंड्यांपासून हातभर अंतरावर ठेवला होता. दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय केली आणि फोकस अंड्यांवर पक्का केला. स्वतः थांबायचं होतं, पण मामीनं जेवायला अशी हाक मारली की सकाळची टिटवी बरी!

जेवण उरकून तिघं धावत परत आली. बांधावर अंडी पुन्हा चार!

भूषणनं फोटो पुढं ढकलायला सुरुवात केली. "अंडी. अंडी. अंडी. खार. अंडी. ही कुणाच्या शेळीची हनुवटी आहे? अंडी... थांब!"

फोटोत एक हात आला होता. या लेन्सची तऱ्हाच अशी, की जिथं फोकस तिथंच स्वच्छ. मागचं धोतर, सदरा, तोंड, सगळं धुक्यात. हात तेवढा लख्ख. बोटांत गोटा, आणि अंगठ्याचं नख काळंनिळं.

"मगनभाऊचं नख..." भूषण सुरू झाला.

"मगनभाऊ नाही," मेघा हळूच म्हणाली. "यांनी आपल्याला शेंगदाणे दिले."

ऋतिकाला एकदम वाईट वाटलं. चोर सापडल्यावर आनंद व्हायचा, असं तिला आजवर वाटत होतं.

नथ्थूनानांनी फोटो बघितला आणि ते खाटेवर मटकन बसले. "काय सांगू पोरी. मना दोस्त शे तो," ते म्हणाले. "रोज उनमा फिरे, गुडघा धरीसन बसे. यंदा टिटवी कोठेच दिसनी नही. माले वाटनं, चार गोटा ठेवू, सुपडू खूश हुई जाई. बस, येवढंच. लोके पेरतीन, हाई ध्यानमाच उनं नही!"

"पण पाऊस आला नाही तर आबा पुन्हा खोटे पडतील ना, नाना?" ऋतिका म्हणाली. "आणि या वेळी कायमचे. तुम्हीच सांगा त्यांना."

नानांनी मान खाली घातली. "मना तोंडतून निघावं नही, बेटा."

तिघं खिन्न होऊन निघाली. आणि खडीच्या ढिगाजवळ... "टिटिव-टिव!" भूषणची टोपी दुसऱ्यांदा उडाली!

"काय वैर आहे गं हिचं माझ्याशी! मी काय तिची अंडी..." भूषण मध्येच थांबला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

जिथं अंडी असतात तिथंच तर टिटवी ओरडते! ढिगाच्या माथ्यावर, खडीच्या रंगात खडीसारखीच मिसळून गेलेली, खरीखुरी चार अंडी होती. ऋतिकानं पटकन एक फोटो काढला आणि तिघं लगेच मागं सरली. खिडकीतून नाना डोळे विस्फारून बघत होते. महिनाभर आबा रान तुडवत होते आणि टिटवी नानांच्या दारात बसली होती!

आखाजीच्या सकाळी पार गच्च भरला. मगनभाऊनं दोन झाडांना भलंमोठं बॅनर बांधलं होतं: 'टिटवी बोलली! पेरणी सुरू करा!' आबा उठले, उपरणं सावरलं, आणि तोंड उघडणार तोच गर्दीतून नथ्थूनाना पुढं आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून आबांसमोर धरली. टोपीत चार गोटे होते.

"सुपडू, हाई तुनी टिटवी," नाना म्हणाले. "मीच ठेयेल व्हती."

आबांनी एक गोटा उचलला, डोळ्यांजवळ नेला, नखानं खरवडला. मग नानांकडे बघितलं.

"नथ्थ्या," आबा म्हणाले, "पोळ्याला माझ्या बैलांची शिंगं रंगवतोस तेव्हा कुठं जाते रे ही कारागिरी?"

आणि ते हसले! मग अख्खा पार हसला. नाना मात्र उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

"आता ऐका," आबांनी काठी आपटली. "दहा पावलांवरून बघायची रीत माझ्या बापाची. त्याची नजर घारीची होती. मला चार पावलांवरचा जावई ओळखू येत नाही, आणि मी तुमची पेरणी ठरवायला निघालो! गेल्या वर्षी चुकलो ते माझंच चुकलं. यंदा माझं एकच सांगणं. पाऊस पडू द्या, मातीत हात घाला, वीतभर ओल लागली की पेरा. त्याआधी एक दाणा टाकू नका!"

"मग टिटवीचं काय?" मगनभाऊ चिडून म्हणाला. त्याची नजर सारखी बॅनरकडे जात होती.

ऋतिकानं कॅमेरा पुढं केला. आबांनी पडदा डोळ्यांशी नेऊन खडीच्या ढिगावरची अंडी निरखली.

"इतक्या उंचावर! आबा, म्हणजे पूरच येणार की!" कुणीतरी म्हणालं.

"उंची टिटवीनं ठरवली नाही, डंपरवाल्यानं ठरवली!" आबा गरजले. "तिला बिचारीला जागा मिळाली तिथं बसली. पिल्लं निघेपर्यंत त्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही. हेमराज, कंत्राटदाराला फोन लाव!"

ढिगाभोवती लांबून आडोसा हवा होता. हेमराजमामानं मगनभाऊचं बॅनरच सोडवून नेलं. 'टिटवी बोलली' ही अक्षरं तिथं फारच शोभून दिसत होती.

"इतकी वर्षं अख्खं गाव दहा पावलांवर थांबलं," आबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "पुढं जाऊन बघायची अक्कल या पोरांना आली!"

"अक्कल कसली आबा," ऋतिका प्रामाणिकपणे म्हणाली, "लेन्सला झूमच नव्हता."

संध्याकाळी आबा कित्येक महिन्यांनंतर पारावर बसले होते. शेजारी नाना. नाना काहीतरी सांगत होते आणि आबा त्यांचा तो काळंनिळं नख असलेला हात हातात घेऊन ऐकत होते. ऋतिका पावलापावलानं जवळ गेली. खटक!

मागचा पार, झाड, माणसं, सगळं मऊ धुक्यात गेलं होतं. दोन म्हातारे चेहरे आणि दोन हात तेवढे लख्ख.

तिनं कॅमेरा भूषणच्या हातात दिला. भूषणनं बघितलं. बघतच राहिला. एक शब्द नाही, शिंक नाही, काही नाही! शेवटी मेघानं काळजीनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताई, ताप नाहीये," ती म्हणाली.

ऋतिकानं हळूच लेन्सवर झाकण बसवलं. लेन्स तिची झाली होती.