दारावरचं सोनं

थापा वाटत असतील तर इथेच थांबा. मला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची मुळीच हौस नाही. पण हे माझ्या घरात घडलंय. बहारीन, गुदैबिया. गेल्या दसऱ्याची भर दुपार.

दसऱ्याला आमच्याकडे पुस्तकांची पूजा असते. पण आमच्या रेवाचा अभ्यास सगळा टॅबवर! पूजेला मांडावं असं तिचं एक पुस्तक घरात नाही. पोर सात वर्षांची, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणार. काय करता?

मग मी माझं एक जुनं पुस्तक काढलं.

जनाबियात एक कुटुंब व्हिला सोडताना सामान विकत होतं, तिथून आणलेलं. आतली भाषा कुठली, देव जाणे. मी भाळले ती कव्हरवर. हिरवं चामडं, सोनेरी वेली, मधोमध एक बंद दार. कोपरे पार झिजलेले. दारावरचं सोनं तर उडूनच गेलेलं… वर्षानुवर्षं कुणी बोट फिरवत बसल्यासारखं.

हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. रेवाला म्हटलं, "हात ठेव त्यावर. म्हण, माझं सगळं तुझं, मला विद्या दे."

ती निमूट म्हणाली. चक्क मराठीत.

आणि एसीचा आवाज थांबला… रस्त्यावरच्या गाड्यांचाही.

क्षणभरच. मी म्हटलं, भास असेल.

दुसऱ्या दिवशी देवघरातून आवाज आला.

खर्र… खर्र…

चामड्यावर बोट घासल्याचा. "रेवा, हात लावू नकोस गं!" मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

मग आठवलं… रेवा शाळेत होती.

नवऱ्याला, जयेशला, सांगितलं. "तुझं आपलं काहीतरीच! उंदीर असेल."

चार-सहा दिवसांनी रेवा रडत आली. "मम्मा, टॅब ओपन होत नाही. माय थम्ब इज नॉट वर्किंग."

मी तिचा अंगठा पुसला. पुन्हा लावला. छे.

खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला…

अंगठ्यावर रेषाच नव्हत्या.

दहाही बोटं गुळगुळीत, सोललेल्या बदामासारखी.

"दुखतंय का गं बाळा?"

"नो मम्मा. शी डज इट स्लोली."

"कोण ती?"

रेवाने देवघराकडे बघितलं.

मी धावत जाऊन पुस्तक उचललं. कोपरे कोरे करकरीत. वेली लखलखीत. आणि त्या दारावर सोनं भरून आलेलं.

जयेशने तिची बोटं पाहिली. त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "कस्तुरी, दे इकडे! वाळवंटात नेतो, पेट्रोल ओततो. खलास!"

मी देणारच होते. तेवढ्यात कव्हरवर ऊन पडलं…

त्या सोन्यात बारीक रेषा होत्या. गोल गोल. इवल्याशा अंगठ्याच्या.

मी पुस्तक छातीशी घट्ट धरलं.

"अगं, वेडी झालीस का? सोड ते!"

कसं सोडू? माझ्या लेकीच्या बोटांचे ठसे आहेत त्यात. जाळलं आणि तिला काही झालं तर?

डॉक्टर म्हणतात, त्वचेचा विकार आहे, होईल बरं. मलम दिलंय. पुस्तक कपाटात आहे, साडीत गुंडाळून. आवाज अजून येतो.

काल रेवाचा तळहात पाहिला. तिथल्या रेषाही फिकट व्हायला लागल्यात.

जाळू की ठेवू? कुणाला कळत असेल तर सांगा हो. मला माझी पोर हवीय.