गळका जोड

त्याचा पहिला बटाटा माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. उडत नाही, गडगडत.

दुपारची सुट्टी होती. शीतगृहाच्या मागच्या भिंतीला टेकून मी डबा खात होते, कारण आत बसलं की घास तोंडात जाईपर्यंत गारठतो. रिपरिप चालू होती. समोर पडीक जमीन, तिच्यात डबकी, आणि डबक्यांच्या अलीकडे आमचा मेकॅनिक, हातात जाडजूड पाइप घेऊन चेहरा पाडून उभा.

"लागला का हो?"

"लागायला आधी उडायला तर हवा," मी म्हटलं. "काय आहे हे?"

"बटाट्याची तोफ." त्याचे कान लाल झाले होते. "हवेवर चालते. म्हणजे... चालायला पाहिजे."

मी हसले नाही. दिवसभर ओल्या मातीच्या वासात बटाटे निवडले की हसू तसं उशिराच येतं. लहान इकडे, मध्यम तिकडे, कोंब आलेला बाजूला. निवडणाऱ्या आम्ही सहाजणी, पण डोळे मिटून माप सांगणारी मी एकटी. आई म्हणते, "बटाटे निवडता निवडता नवरा निवडायचा राहून गेला हिचा."

पाइपाच्या मागे हवेची टाकी होती आणि मध्ये नळासारखी चावी. "ती फिरवेपर्यंत निम्मी हवा निसटते," तो म्हणाला. "एका दमात उघडणारा व्हॉल्व्ह हवा."

"आणि बटाटा लहान घेतलाय तुम्ही. सैल बसतोय." मी त्याच्या पायाशी पडलेल्या ढिगातून एक उचलून दिला. "हा घाला."

तो घट्ट बसला. पाइपाच्या धारदार कडेने सालीची कड गोल कापली गेली. मेकॅनिकने माझ्याकडे असं पाहिलं, की मी डब्याचं झाकण उलटं लावलं.

पुढच्या आठवड्यात त्याने बागेच्या फवाऱ्याचा व्हॉल्व्ह आणून बसवला. आता बटण दाबलं की हवा एकदम सुटायची. धप्प... आणि बटाटा डबक्यांपार. तोफ तोंडातून भरावी लागे. तो पाइप पोटाशी धरायचा आणि मी झाडूच्या दांड्याने बटाटा आत ढकलायचे. एकट्याचं ते काम नव्हतं. ढकलायला जावं तर पाइपच मागे सरकायचा.

"तुमच्यामुळे लांब जातो," तो म्हणायचा.

"बटाट्यामुळे."

"बटाटा तुम्हीच निवडता ना?"

"निवडायला मला चांगलं येतं."

"सगळंच?"

"बटाट्यापलीकडे अजून गेले नाही."

मग तो पायाकडे बघायचा. "एक सांगायचं होतं..."

"सांगा की."

"नाही... उद्या."

मी मनात म्हणायचे, व्हॉल्व्ह बदलला, माणूस मात्र अजून चावीवरच आहे. आरशासमोर मी उत्तरसुद्धा ठरवून ठेवलं होतं. वेडीच मी.

एक दिवस त्याने सांगितलं. "आत ती मोठी खोकी आली होती ना... ते बटाटे निवडायचं मशीन आहे. मीच बसवतोय. महिनाअखेर सुरू होईल. मग तुम्ही सहाजणी..."

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन महिने."

मी दांडा नीट भिंतीला लावून ठेवला. "हेच सांगायचं होतं रोज?"

त्याने मान हलवली.

"मला वाटलं, दुसरंच काही सांगणार आहात." तोंडातून निघून गेलं, आणि मला स्वतःचाच असा राग आला की दोन दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

ताईने तिच्या गावी, पोती शिवायच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला. एक तारखेला तिथे रुजू व्हायचं ठरलं. आणि मी मेकॅनिकच्या नाकावर टिच्चून तोफेला मागून भरायची सोय काढली. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना सुचलं. व्हॉल्व्हच्या पुढे पाइप कापायचा, तिथे आट्यांचा जोड बसवायचा. जोड फिरवून उघडा, बटाटा घाला, फिरवून बंद करा. आत एक रबरी कडी, म्हणजे हवा गळणार नाही.

"एक माणूस पुरेल." मी कागद त्याच्या हातात दिला. "मी गेल्यावर तुमचं अडायला नको."

दुसऱ्याच दिवशी त्याने जोड बसवून आणला. बटाटा पाच पावलांवर पडला.

"गळतोय," तो म्हणाला.

मी आटे वाढवायला सांगितले. पुन्हा तेच, गळतोय. मग निमूटपणे जोड काढून अख्खा पाइप चढायचा, झाडूचा दांडा बाहेर यायचा, तो पाइप धरायचा, मी ढकलायचे. माझं माप कधी चुकत नाही, मग हे कसं चुकलं, याने डोकं उठलं होतं.

शेवटच्या दिवशी मशीन सुरू करायला बाहेरचा माणूस आला, आणि त्याच्या मदतीला मालकाने मेकॅनिकला आत बोलावलं. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. मी मागे गेले आणि पहिल्यांदाच तो जोड स्वतः उघडला.

आत कडी नव्हतीच.

ती त्याच्या हत्यारपेटीत होती, फडक्याखाली. मी ती बसवली, बटाटा घातला, हवा भरली, बटण दाबलं. तो डबक्यांपार, बांधापार, पलीकडच्या झुडपांत गेला. इतका लांब कधीच गेला नव्हता. कुणी धरायला लागलं नाही, कुणी ढकलायला लागलं नाही. मी तिथेच उभी राहून रडले.

आवाज ऐकून तो बाहेर आला.

"कडी काढून ठेवली होतीत," मी म्हटलं.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवशी बसवून पाहिली. झकास चालली." तो हात पुसत राहिला. "म्हणून काढली."

"मशीनचीही एखादी काढायची होती मग."

"काढली होती. दोनदा. आधीच दीड महिना बंद ठेवलं... म्हणून तर बाहेरचा माणूस आणला."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझी नोकरी घालवणारं मशीन मी बसवतोय, आणि मला तू फार आवडतेस... एका दमात कसं सांगायचं?"

तू म्हणाला तो. पहिल्यांदाच.

आत बटाटे जाळीतून पडत होते, लहान, मध्यम, मोठे, एकही चूक न करता. संध्याकाळी पाचला माझी गाडी होती. मी जोड उघडला, कडी काढली आणि मनगटात चढवली. मापात बसली.

"आता तोंडातूनच भर," मी म्हटलं.

"एकट्याला जमत नाही."

"माहीत आहे मला."

"कधी येशील?"

खोटं बोलवेना. "माहीत नाही रे."

फाटकापाशी वळून पाहिलं. तो झाडूचा दांडा फडक्याने पुसून भिंतीला लावत होता, मी लावायचे त्याच जागी.