कॅमेऱ्यामागची पाळी

पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या वर, पाड्यावरच्या बायकांना फिल्म करायला शिकवणाऱ्या संस्थेची एडिटिंगची खोली होती. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि नवसाबाईला हसू यायचं. सुरगाण्याच्या डोंगरात नागली लावणारी ही बाई दोन वर्षांत अशी तरबेज झाली होती, की संस्थेतली शहरी पल्लवी तिला विचारल्याशिवाय एक फ्रेम कापत नसे.

२००९चा जानेवारी होता. उद्या सुरगाण्याला वनजमिनीच्या दाव्यांची सुनावणी. तिथे दाखवायच्या फिल्मसाठी पाड्यावरच्या चौघींनी आपापल्या वावरात उभं राहून स्वतःच शूटिंग केलं होतं. आजेसासूपासून कसलेली जमीन, पण कागदावर नाव नाही. मग फिल्ममध्ये तरी प्रत्येकीचं तोंड आणि नाव हवंच. म्हणून त्यांनी नियमच केला होता. जी कॅमेरा धरेल, तिला लगेच पुढं बोलवायचं. कॅमेऱ्यामागे कुणी राहून जायचं नाही.

शेवटच्या शॉटवर नवसाबाई थबकली. भागीबाई, झुंबर, लताबाई आणि ती स्वतः, चौघी एका रांगेत उभ्या होत्या.

"हा कोणी काढला?" पल्लवीने विचारलं.

"आमी चौघीच व्हतो."

"मग दगडावर ठेवला असेल तुम्ही कॅमेरा."

पण चित्र हलत होतं. कॅमेरा पावलापावलाने मागे सरकत होता, आणि आवाज वाढवल्यावर कुणाचा तरी श्वास ऐकू आला. पल्लवीचा चेहरा उतरला. चहा घेऊन येते म्हणत ती जिना उतरली.

नवसाबाईला भीती वाटायला हवी होती. वाटली ती कीव. एवढा वेळ उन्हात ताटकळली बिचारी, आणि तिला कुणी पुढं बोलावलंच नाही! ती पडद्याजवळ वाकली.

"बाई, तुझी पाळी राहिली. ये पुढं. मी धरते कॅमेरा."

तिने शॉट पुन्हा लावला.

रांगेत आता तिघीच होत्या. नवसाबाईची जागा मोकळी होती. कॅमेऱ्याच्या बाजूने एक बाई चालत गेली, त्या जागेवर उभी राहिली आणि वळली. लुगडं नवसाबाईचं. तोंडही नवसाबाईचंच.

"मी नवसाबाई. ही जमीन माझी हाय."

गिरणीचा आवाज बंद पडला होता.

डोक्यावर ऊन तापत होतं, हातात कॅमेरा होता. तळपायाला नागलीची धसकटं टोचत होती. नवसाबाईने कॅमेरा खाली ठेवायचा प्रयत्न केला. हात उतरेनात. हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसता श्वास बाहेर पडला.

लांबून कुठून तरी पल्लवीचा आवाज आला.

"नवसाबाई, चहा."

"ठेव बाई तिथं," नवसाबाईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

नवसाबाईने जीव एकवटून कॅमेरा गदागदा हलवला.

"शेवटी फारच हलतंय हो," पल्लवी म्हणाली. "एवढा तुकडा काढून टाकू?"

"टाक काढून."